घरमालकांची जपानी पोरगी

“येताना दोन किलो कंदी पेढे आणा मॅडम. पोरगी पास झाली.”

रविवारी दुपारी साताऱ्याला आईकडे जेवून मी जरा आडवी झाले होते, तेव्हा घरमालकांचा हा फोन आला. सांगलीत विश्रामबागेत त्यांच्या वरच्या खोलीत राहायला जाऊन मला तीन महिने झाले होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचं आणि खोलीवर येऊन झोपायचं, एवढाच माझा उद्योग. तीन महिन्यांत त्या घरात मला दोनच माणसं दिसली होती. एक घरमालक काका, पन्नाशीचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची आई, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली. काकू फार पूर्वीच वारल्या, मूलबाळ नाही, असं खोली दाखवणाऱ्या माणसानं मला सांगितलं होतं. मग ही पोरगी कुठून उपटली? असेल पुतणी, असेल भाची, असं म्हणून मी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन एसटीत बसले. कऱ्हाडपर्यंत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, घरात काय झालं म्हणून.

संध्याकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गल्लीत घरोघरी पेढे वाटले. समोरच्या वहिनींनी विचारलं, “कोण पास झालं?”

“पोरगी.”

“कुठं असते?”

“जपानात.”

वहिनी नुसतं “हो का” म्हणाल्या आणि पेढा घेतला. पण पुढचे पंधरा दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. लष्करात होते, कुठं कुठं फिरले, तिकडंच काहीतरी भानगड असणार. भाजीच्या गाडीपाशी बायका मला गाठून विचारायच्या, “तुम्ही वरच राहता, तुम्हाला ठाऊक असेल.” मी मूळची साताऱ्याची, राग माझ्या नाकावर. एके दिवशी तडक खाली गेले आणि म्हटलं, “काका, तुमची मुलगी जपानमध्ये नक्की काय करते?”

काकांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर शाळेच्या गणवेशातली, चित्रात काढलेली एक मुलगी होती. हातात गुंडाळलेलं प्रमाणपत्र, मागं गुलाबी फुलांचा सडा.

“ही,” ते म्हणाले. “लय आजारी असायची. तिचं एक वरीस वाया गेलं. म्या अकरा म्हयने वाचतोय, तवा कुठं पास झाली.”

मला हसावं की रडावं कळेना. ह्या चित्रातल्या पोरीसाठी मी साताऱ्यापासून दोन किलो पेढे मांडीवर वागवले होते. मी फणकाऱ्यानं वर निघून गेले. जिन्यात मात्र माझ्या लक्षात आलं, की बोलताना त्यांचा आवाज जरासा कापला होता.

तर गोष्ट अशी. जपानात एक वाचायचा खेळ असतो, त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर चित्र, मागं संथ संगीत, खाली एका चौकोनात एक ओळ. बटण दाबलं की पुढची ओळ. कुणी बोललं की त्याचा आवाजही येतो. मारामारी नाही, पळापळ नाही, नुसतं वाचत जायचं. पण अधूनमधून गोष्ट थांबते आणि तुम्हालाच विचारते, आता काय करायचं? दोन-तीन पर्याय समोर येतात. तुम्ही जो निवडाल तशी गोष्ट वळते. काका त्याला वाट म्हणायचे. ह्या पोरीची वाट, त्या पोरीची वाट.

बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर नागालँडच्या एका जवानानं त्यांना असल्या खेळांची एक हार्ड डिस्क दिली होती. “पढ़ने का गेम है साब, टाइम जाएगा,” म्हणाला होता. जपानी संवाद आणि खाली कुणा हौशी मंडळींनी केलेलं इंग्रजी भाषांतर. आमचे काका नववीत इंग्रजीत नापास. शब्दकोश मांडीवर घेऊन एका ओळीला एक मिनिट, असे वाचत सुटले. चौकी सुटली, लष्कर सुटलं, वाचन सुटलं नाही.

त्यांचे नियम कडक होते. आपोआप पुढं जाणारं बटण लावायचं नाही. इंटरनेटवर उत्तरं बघून वाट निवडायची नाही. वाईट शेवट आला तर तोही सगळा वाचायचा, मधे उठायचं नाही. एखादं चित्र आवडलं की पाच-पाच मिनिटं पुढं दाबायचेच नाहीत. संध्याकाळचा रिकामा वर्ग, खिडकीतून आलेलं ऊन, पडदा हलतोय, आणि तेच संगीत पुन्हा पहिल्यापासून. काका पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बघत बसलेले. मी एकदा म्हटलं, “काका, अडकलंय का?” तर म्हणाले, “न्हाई. ती थांबलीया माझ्यासाठी. म्या दाबल्याबिगर ती बोलत न्हाई.”

ह्याच गोष्टींवर पुढं टीव्हीसाठी कार्टूनच्या मालिका निघतात, त्यांना ॲनिमे म्हणतात, हेही मला त्यांनीच शिकवलं. ॲनिमे हा त्यांचा वैरी. आणि तरीही प्रत्येक मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत बघायचे, वही-पेन घेऊन. मी म्हटलं, “एवढा राग येतो तर बघता कशाला?”

“न बगता शिव्या कशा द्यायच्या मॅडम?”

आणि शिव्या द्यायचे त्या अगदी मुद्देसूद. एक म्हणजे, पाच पोरींच्या पाच वाटा असतात, त्या बारा भागांत कोंबतात. “पाच घरची आमटी एका पातेल्यात. कशालाच चव न्हाई.” दुसरं, त्यातल्या हिरोचं तोंड. खेळात हिरोला बहुधा तोंडच नसतं, कारण वाचतो तोच हिरो. “ॲनिमेत त्याला तोंड देत्यात, आन ते बी बावळट. म्हंजे इतके दिवस त्या पोरीसंगं म्या बोलत हुतो, ते ह्या तोंडानं?” तिसरं, घाई. “ॲनिमे म्हंजी एस्टी. डायवरला वाटंल तवा सुटती, तुमी चढला का न्हाई बगत न्हाई.” एकाच मालिकेला ते मान द्यायचे. तिच्यात एका पोरीची गोष्ट संपली की वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू व्हायचं आणि गोष्ट दुसरीच्या वाटेला लागायची. “त्यो डायरेक्टर हिशेबाचा मानूस हाय,” असं म्हणायचे आणि डोक्यावरची टोपी सारखी करायचे.

पण सगळ्यात मोठा गुन्हा त्यांच्या लेखी निराळाच होता. मूळ गोष्टीत नाही ते घुसडणं. भाग भरायला कमी पडले की मालिकावाले पोरींना समुद्रावर पोहायला नेतात, गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतात, उगाच एक जत्रा दाखवतात. “पदरचं घालत्यात,” काका म्हणायचे आणि ताडकन उठून लॅपटॉप झाकायचे. “ज्यानं गोष्ट लिवली त्यो काय येडा हुता? पदरचं घालनाऱ्याला माझ्यापाशी माफी न्हाई.” असं म्हणून अंगणात एक चक्कर मारून यायचे, पाणी प्यायचे, आणि उरलेला भाग बघायला बसायचे.

त्या घरातल्या दुपारी मला अजून आठवतात. कॉलेजातून चारला यावं तर खालच्या खोलीचे पडदे ओढलेले, आत पिवळसर अंधार, बाजारपेठेकडून वारा असला तर हळदीचा वास. आणि त्या वासातून कुठल्यातरी जपानी बेटावरच्या लाटांचा आवाज, समुद्रपक्षी, रातकिडे. कोणतं खरं आणि कोणतं पेटीतलं, हे ओळखायचं मी सोडून दिलं होतं. एकदा आजींनी हाक मारली, “पाऊस आला गं, कापडं काढ.” मलाही धो-धो ऐकू येत होतं. मी धावत गच्चीवर गेले. वर लख्ख ऊन, कपडे वाळून कडक झालेले. पाऊस जपानात पडत होता.

आजी ह्या सगळ्यात आल्या त्या एका शब्दामुळं. त्या आटपाडीकडच्या. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. डोळे गेल्यावर काकांनी त्यांना सांगलीला आणलं. दिवसभर खाटेवर बसून त्या शेजारच्या खोलीतून येणारे पोरींचे आवाज ऐकायच्या. एकदा मला जवळ बोलावून विचारलं, “ती पोरगी कुठली गं?”

“कुठली आजी?”

“ती गं. कुनी बी हाक मारली की हाय म्हनती ती. आपल्याकडचीच हाय नव्हं? पुन्यामुंबैची आसती तर आहे म्हनली आसती.”

जपानीत “हाय” म्हणजे “हो”. हाकेला ओ देतात ते. आजींना ते आमच्याकडचं “हाय” वाटलं होतं. मी हसत सुटले, पण त्यांचं एवढ्यावर थांबलं नव्हतं. जपानी माणूस प्रश्न विचारताना शेवटी “का” लावतो, तेही त्यांनी टिपलं होतं. बायका नवलानं “आरा” म्हणतात, ते ह्यांना “आरं” ऐकू यायचं. आणि बोलायला अडखळली की ती पोरगी “आनो” म्हणायची, म्हणजे आपलं “अं, म्हंजे” असतं तसं. आजी ते “आनू?” समजून खाटेवरून उत्तर द्यायच्या, “आन की गं. इचारतीस काय?”

काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. लॅपटॉप उचलून आईच्या खाटेपाशी नेला आणि म्हणाले, “आये, तुला कळतंय व्हय?”

“समदं न्हाई. फुडं काय म्हनतीया सांग की.”

तेव्हापासून काका त्या खेळाचं मराठी करू लागले. साधंसुधं मराठी नाही, आईच्या बोलीतलं. सकाळी दोनशेपानी वहीत लिहायचं, दुपारी चारला वाचून दाखवायचं. गोष्ट एका बेटावरच्या पोरीची होती. आईबाप नाहीत, आजोबांपाशी राहते, आजोबांचं वय झालंय, आणि उन्हाळा संपला की शहरातला काका तिला घेऊन जाणार, असं घरच्यांनी ठरवलेलं. आजींनी समुद्र पाहिला नव्हता. “राजेवाडीच्या तळ्यापरीस मोठा आसतोय का रं?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

सुरुवातीला सगळ्यांचे संवाद काकाच वाचत. चार दिवसांनी आजी काळजीनं म्हणाल्या, “पोरीला पडसं झालंय का?” परेड घेऊन घेऊन घोगरा झालेला तो आवाज, पोरीचा तरी कसा वाटणार? म्हणून मला बोलावणं आलं. मी आधी नाही म्हटलं, पेपर तपासायचे आहेत म्हटलं. “रोज अर्धा तास,” काका म्हणाले. त्याचे दीड-दोन तास कधी झाले ते मलाच कळलं नाही.

मग पहिली निवड आली. गोष्टीत पाऊस लागलाय, पोरगी दुकानाच्या वळचणीला उभी आहे. तिला घरापर्यंत सोडायला जायचं, की छत्री तिला देऊन आपण थांबायचं? काकांनी दोन्ही पर्याय वाचले आणि म्हणाले, “आये, काय करू?”

“मला काय इचारतोस? तूच बग.”

“तुला इचारलंय. तू सांगितल्याबिगर फुडं जात न्हाई.”

खेळातला पाऊस पडत राहिला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, “छत्री एकच हाय का?” मग घर किती लांब, वाटेत कुत्रं आहे का, पोरीच्या घरी आत्ता कोण असेल. त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. लॅपटॉप तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी पोरीच्या पायात काय आहे ते विचारलं. तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला म्हणाल्या, “सोडायला जा. पन बोलू नगंस वाटंत. तिला बोलावं वाटलं तर ती बोलंल.” काकांनी बटण दाबलं. आजी पदराचं टोक मुठीत धरून पुढं वाकून ऐकत होत्या. इतक्या आनंदी मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

असे चार महिने गेले. मला वाटतं काकांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने असतील, आणि खरं सांगायचं तर माझेही. आईचा फोन आला, की “ह्या शनिवारी येत नाही, बोट यायची आहे” असं मी म्हणायचे आणि जीभ चावायचे.

मग साताऱ्याहून काकांच्या धाकट्या भावाचा फोन आला. ते तिकडं बांधकामं घेत. माणूस सरळ, आईवर जीव असलेला. नवं घर बांधून झालं होतं, खाली आईसाठी खोली काढली होती, न्हाणीघरात धरायला कांब बसवली होती. नात बारावीला होती, तिची परीक्षा संपली की आईला कायमचं घेऊन जातो म्हणाले. सांगलीत ती दिवसभर एकटी आणि तू त्या कॉम्प्युटरपुढं, असंही म्हणाले. काकांनी फोनवर फक्त “बगू” म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून गोष्ट मंदावली.

आधी मला कळलं नाही. दिवसाला दहा पानं व्हायची ती पाच झाली, मग तीन. मी विचारलं तर म्हणाले, भाषांतर अवघड आहे. मग एके दिवशी मी वाचत असताना सहज पडद्याकडं बघितलं. पडद्यावर पोरगी फक्त “हाय” म्हणाली होती. वहीत मात्र तिच्या तोंडी दीड पान होतं. बेटावर गारपीट झाली, एक शेळीचं करडू चुकलं, पोरगी ते शोधायला डोंगरावर गेली. दुसऱ्या दिवशी करडू सापडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाला पाला बांधला. चौथ्या दिवशी बेटावर आठवड्याचा बाजार भरला.

आजी आत गेल्यावर मी वही पुढं टाकली. “काका, हे करडू मुळात आहे?”

“न्हाई.”

“आणि बाजार?”

“तुमी वाचा की मॅडम.”

“तुम्हीच म्हणता ना, पदरचं घालणाऱ्याला माफी नाही म्हणून?”

त्यांनी वही उचलली, तिचे कोपरे सारखे केले आणि हळू आवाजात म्हणाले, “शेवट ऐकल्याबिगर ती जायाची न्हाई. म्हनून शेवट लांब न्हेतोय.”

मी चिडले होते, पण दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मुकाट्यानं करडाचं बारसं वाचलं. मलाही आजी जायला नकोच होत्या.

हे असं तीन आठवडे चाललं. नातीची परीक्षा संपत आली. एका दुपारी मी वाचत होते. बाजारात पोरगी एका म्हाताऱ्याशी लोकरीवरून घासाघीस करते, असं काकांनी लिहिलं होतं. आजींनी हात वर करून मला थांबवलं.

“थांब पोरी. ह्यो जपान न्हाई. ह्यो आटपाडीचा बाजार हाय, आन त्यो म्हातारा तुज्या काकाचा आजा हाय. लोकर इकताना त्यो आसाच खाकरायचा.”

मग आजी नेमक्या काकांकडं तोंड करून म्हणाल्या, “तू का वाडवतोयस ते मला ठावं हाय. करडू आलं तवाच कळलं. ऐकलं म्या, ग्वाड लागलं. पन आता बास.”

“आये, म्या...”

“ऐक. लगीन ठरलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. मेंढरं कुठल्या अंगाला न्ह्यायाची, तुजा बा ठरवायचा. तू फौजंत गेलास, तुजं तूच ठरीवलंस. मेंढरं इकली धाकट्यानं. डोळं गेलं, तू सांगलीला आनलंस. चांगलंच केलंस, न्हाई म्हनत न्हाई. पन इचारलं ते ह्या तुज्या पेटीनं पयल्यांदा. काय करू म्हनती आन थांबती. दोन दोन दिस थांबती.” त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. “पोरीनं काय करावं ते तू मला रोज इचारतोस. आयेनं काय करावं, ते एकदा बी इचारलं न्हाईस.”

काका उठून बाहेर गेले. मी थोड्या वेळानं गेले तर जिन्याच्या पायरीवर बसले होते, टोपी हातात घेऊन. माझ्याकडं न बघता म्हणाले, “मॅडम, म्या ॲनिमेवाल्यास्नी उगं शिव्या दिल्या इतकी वर्सं. त्यास्नी बी कुनाला तरी थांबवायचं आसंल.”

पुढच्या रविवारी सकाळी दहाला धाकटे भाऊ गाडी घेऊन आले. चहा झाला. “आये, चल, तुझी पिशवी कुठाय?” म्हणून ते उठलेच होते. काका म्हणाले, “बस रं जरा.” मग दोघा भावांचं सुरू झालं. इथं दवाखाना जवळ आहे, तिथं घर मोठं आहे, इथं तिला सवय आहे, तिथं माणसं आहेत. आवाज चढत गेले. आजी खाटेवर मधोमध बसलेल्या, मान एकदा इकडं, एकदा तिकडं. मला राहवेना, मी दारातूनच म्हटलं, “अहो, त्यांना विचारा की.”

धाकटे भाऊ म्हणाले, “तिला काय विचारायचं? ती काय नाही म्हणणार आहे?”

काका उठले. स्टूल ओढून आईच्या पुढ्यात बसले, पाठ ताठ, हात मांडीवर. “आये, दोन वाटा हायेत,” ते म्हणाले. “साताऱ्याला जायाचं का हितं ऱ्हायाचं? काय करू?”

धाकटे काहीतरी सांगायला पुढं झाले, तर काकांनी हात आडवा केला. “मधी बोलू नगंस. ती सांगंस्तवर कुनी हलायचं न्हाई.” घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. भिंतीवर उन्हाची तिरीप होती, ती हातभर सरकली. काका एकदाही हलले नाहीत. कपाळावरून घाम ओघळला, तो त्यांनी पुसलासुद्धा नाही. त्यांना कुठली वाट हवी होती ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं, एका आजींखेरीज, आणि मला वाटतं त्यांनाही ते दिसत असावं.

बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, “आदी त्या पोरीचं संपीव. पदरचं घालू नगंस.”

धाकटे भाऊ कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. काकांनी लॅपटॉप आणला. करडू नाही, बाजार नाही, सरळ जिथं मूळ गोष्ट थांबली होती तिथून. वही नव्हतीच, काका पडद्यावरून बघून मला सांगत होते आणि मी पोरीचं बोलत होते. उन्हाळा संपला. आजोबांनी तिची ट्रंक बांधली. धक्क्यावर बोट लागली. शहरातला काका वर चढला. पोरगी फळीवर एक पाय ठेवून उभी राहिली, मागं वळली, आणि गोष्ट थांबली. लाटांचा आवाज येत राहिला.

“आये,” काका म्हणाले. “तिला थांबवू का जाऊ दिऊ?”

आजींनी ह्या वेळी दोन दिवस घेतले नाहीत. हात पुढं करून चाचपत त्यांनी काकांचा गुडघा शोधला आणि त्याच्यावर हात ठेवला.

“पोरीला थांबव. तिचं समद्यांनी मिळून ठरीवलंय, तिला कुनी इचारलं न्हाई.” मग त्यांनी तो हात तसाच ठेवून म्हटलं, “मला जाऊ दे. तितं नात हाय, तिचं बोलनं मला शेजारनं ऐकायचंय. माजं म्या ठरीवलंय.”

काका पडद्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हे काहीतरी सांगतील, एखादं वाक्य पुढं ढकलतील, एखादी जत्रा भरवतील. त्यांनी बटण दाबलं. पोरीनं फळीवरचा पाय मागं घेतला, आणि बोट तिच्याशिवाय निघाली.

मग त्यांनी लॅपटॉप न झाकताच आईची पिशवी भरली. दोन लुगडी, डोळ्यांत घालायचं औषध, पाण्याची बाटली. हाताला धरून तिला गाडीपर्यंत नेलं, सीटवर बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला. धाकटे भाऊ दार लावायला वळले, तर आजींनी चाचपून दाराची आतली मूठ शोधली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.